आयेच्या नावचं घासलेट

आये, तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता तू जाऊनही खूप वर्षं झाली आणि मीच म्हातारा झालोय, तेव्हा लाज कसली. काल नातीनं एक छापील अर्ज आणला. म्हातार्‍या माणसांना विजेच्या बिलात सवलत मिळते म्हणे. वय, पत्ता, मीटरचा नंबर, सगळं भरलं. ‘सांभाळणारं कोणी आहे काय’ या रकान्याशी हात अडला. नात म्हणाली, आजोबा, नाही लिहा, नाहीतर मिळायचं नाही. आणि तू डोळ्यांसमोर येऊन बसलीस, पाय पसरून, पानाची चंची सोडत.

जव्हार संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मोखाड्याला नवा मास्तर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की खोडाळ्याच्या वाटेला लागायचो, आणि तिन्हीसांजेला आपल्या वाडीची उतरण आली की दारात चिमणी मिणमिणताना दिसायची. एकदा मधल्याच वारी काही कामानं आलो, तर घरात मिट्ट काळोख. चुलीच्या उजेडात तू नागलीची भाकर थापत होतीस. चिमणी का नाही लावलीस विचारलं, तर तू नुसती हसलीस. मला वाटलं घासलेट संपलंय आणि तू सांगत नाहीस. वाईट वाटलं, आये. पण वाईट वाटून माणूस शहाणा होतोच असं नाही.

पुढच्याच महिन्यात जव्हारहून कागद आला. निराधार म्हातार्‍यांना दिव्यापुरतं घासलेट सरकार देणार, याद्या मास्तरांनी करायच्या. मी तिकडचाच, म्हणून खोडाळ्याची यादी माझ्याकडे आली. मी तुझं नाव घातलं. तुझं वय तुलाच ठाऊक नव्हतं, ते मी अंदाजानं साठ केलं. सांभाळणारे, या रकान्यात लिहिलं, ‘कोणी नाही’. वळणदार अक्षरात, खाडाखोड न करता. मला पगार होता, बाटलीभर घासलेट काही मला जड नव्हतं. पण फुकट ते पौष्टिक. शिवाय आपल्या हातानं आपल्या आईचं भलं होतंय, या कौतुकात मी होतो. तुला विचारायचं सुचलंच नाही.

बाजाराच्या दिवशी सर्कलसाहेब खोडाळ्याच्या चावडीत येऊन बसले. रीत अशी की ज्याचं नाव येईल त्याला सगळं वाचून दाखवायचं आणि मग अंगठा घ्यायचा. वाचणारा मीच. तुझं नाव आलं. तू नवं लुगडं नेसून आली होतीस, पोरगा वाचतोय म्हणून. शेवटचा रकाना गाळावा असं मनात आलं, पण साहेबांचं बोट त्याच ओळीवर होतं. मी वाचलं, “सांभाळणारे, कोणी नाही.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मग साहेबांकडे वळून हळूच म्हणालीस, “साहेब, ता चुकला. माझा पोर आहं. मास्तर आहं.”

साहेबांनी विचारलं, कुठे असतो?

“लांब असतं,” तू म्हणालीस. “शनवारी येतं.”

चावडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. जो तो आपापल्या पायांकडे बघत राहिला. आडनाव अर्ध्या गावाचं तेच, त्यामुळे साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी तुझ्या नावावर काट मारली.

त्या शनिवारी मला घरी यायला तोंड नव्हतं. तरी आलो. चिमणी दारात होतीच. मी मान खाली घालून जेवायला बसलो, तर तू म्हणालीस, त्या दिवशी वाचताना तुझा आवाज बारीक का झाला, उपाशी होतास काय? बस, एवढंच बोललीस. घासलेटची बाटली कोपर्‍यात गळ्यापर्यंत भरलेली होती. मी तिच्याकडे बघतोय हे पाहून म्हणालीस, “रोज कोणाला दावायचा दिवा? माना घर पाठ आहं.”

मग मला रडू आलं आणि तू भाकरीवर अजून थोडं कोरड्यास वाढलंस.

काल त्या रकान्यात मी ‘आहे’ लिहिलं. सवलत गेली म्हणून नात फुरंगटून बसलीय. अर्ज उद्या जाईल. हे पत्र कुठे जाणार, ते ट्रंकेत तळाशी राहील. म्हणूनच एक सांगून टाकतो, जे तुला कधी कळलं नाही. तू चावडीच्या पायर्‍या उतरून गेलीस, तेव्हा साहेबांनी मला विचारलं होतं, “कोण हो हा हिचा मास्तर?”

मी म्हणालो, “असेल कोणी.”