नमुना क्रमांक चार आणि राहते घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सिगारच्या कारखान्यातील निवृत्त मुख्य परीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळे चष्म्यासह चालतात, कान चालतात. नाकाविषयी कलम पाचमध्ये लिहिले आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम एक. माझे राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागची बंद गॅलरी, माझ्या मुलीला द्यावे. गॅलरीचे दार दमट हवेत फुगते. ते आधी उचलून मग ओढावे लागते. हे तिला ठाऊक आहे, मुलाला नाही.

कलम दोन. बँकेतील ठेव आणि गाडी मुलाला द्यावी. तो लिफ्टच्या दुरुस्तीचे काम करतो आणि सावधपणे जगतो. नऊ वर्षांपूर्वी त्याने नातवंडांना या घरी आणणे बंद केले. "बाबा, त्यांच्या कपड्यांना वास लागतो. शाळेत विचारतात." मी पडदे धुतले, खुर्च्या उन्हात टाकल्या, सगळे सिगार गॅलरीत हलवले आणि त्याला बोलावले. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "आहेच अजून." मला वाद घालता आला नाही. घर त्याला न देण्याचे कारण एवढेच आहे. त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

कलम तीन. माझी अवजारे, म्हणजे दुहेरी पात्याचा कटर, हवेतला ओलावा मोजण्याचे घड्याळ आणि चार खाचांचे जड रक्षापात्र, कारखान्याच्या परीक्षाकक्षाला द्यावीत. सोबत पुढील टाचणही द्यावे, कारण तिथे हल्ली काय चालते ते मी ऐकून आहे. सिगार नावाच्या कागदी पट्टीशिवाय यावा, फक्त क्रमांकावर. आधी न पेटवता ओढावा. नंतर त्याचे मनातल्या मनात तीन भाग करावेत आणि प्रत्येक भागाचे गुण वेगळे द्यावेत, कारण पहिल्या भागात सगळेच सिगार सभ्य असतात. मध्यम जोराचा सिगार म्हणजे काय, असे नवशिके विचारतात. सिगार संपल्यावर माणसाला उभे राहता आले पाहिजे, पण लगेच उभे राहावेसे वाटता कामा नये. बाकी कोको, मिरी, भाजलेला बदाम वगैरे आपापल्या जिभेने ठरवावे. ज्यांना एकाच झुरक्यात अकरा चवी सापडतात, त्यांना विक्री विभागात पाठवावे.

कलम चार. माझ्या हाताखालचा परीक्षक, ज्याला सगळा कारखाना भुवई म्हणतो, त्याला मी माझे पितळी लायटर देणार होतो. सिगार आवडला की त्याची डावी भुवई वर जाते आणि नावडला की सगळा चेहरा आंबतो. हे त्याला स्वतःला ठाऊक नाही. परंतु तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे कळते. दुसरा साक्षीदार शोधता आला असता. मी शोधला नाही.

कलम पाच. बारा वर्षांपूर्वी मला आठ दिवस ताप आला. ताप गेला तेव्हा नाकही गेले. जिभेवर खारट, गोड, आंबट आणि कडू यांच्या सावल्या उरल्या, आणि धूर तर नुसता गरम लागू लागला. मी हे कोणाला सांगितले नाही. मुख्य परीक्षकाला वास येत नाही, ही बातमी कारखान्याला झेपली नसती, असे मी तेव्हा म्हणत असे. मला झेपली नसती, हे जास्त खरे आहे.

त्यानंतर मी चार वर्षे परीक्षा घेतल्या. राख किती लांब टिकते, आग सरळ चढते का, ओढ मोकळी आहे का, हे हाताला आणि डोळ्यांना कळते. उरलेले मी समोर बसलेल्या भुवईच्या चेहऱ्यावर वाचत असे.

अकरा वर्षांपूर्वी कारखान्याने मध्यम जोराच्या नव्या, उंची सिगारसाठी पाच नमुने मागवले. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गुण मिळालेला नमुना बाद. क्रमांक चारच्या शेवटच्या भागात भुवईचा चेहरा आंबला. मी लिहिले: शेवट कडू. जोर मध्यमाच्या वर. एक्क्याऐंशी. भुवई त्या काळी माझे गुण पाहूनच आपले गुण लिहीत असे. त्यानेही एक्क्याऐंशी लिहिले.

नावांचे लिफाफे उघडले. क्रमांक चार माझ्या मुलीचा होता. ती पंधरा वर्षे तिथे सिगार वळत होती आणि पानांचे मिश्रण स्वतः ठरवण्याची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. जिन्यात तिने मला गाठले. "बाबा, कुठलं पान कडू लागलं तेवढं सांगा."

मी म्हणालो, "परीक्षकांनी कारण सांगायचं नसतं. नियम आहे."

असा नियम नव्हता. तो मी जिन्यात केला.

दुसऱ्या दिवशी भुवई गाल धरून आला. "काल दाढेनं जीव घेतला हो. आज काढून टाकली." म्हणजे तोंड दाढेमुळे आंबले होते. गुणपत्रिका तोवर मालकांकडे गेली नव्हती, माझ्याच खणात होती. मी ती दुपारी सही करून पाठवली. महिन्याभरात मुलीने कारखाना सोडला. आता ती बेकरीत भट्टी सांभाळते. शनिवारी येते, माझी औषधे लावून देते, तंबाखूचा विषय काढत नाही. क्रमांक पाच निवडला गेला, चांगला खपतो, आणि निरोपाच्या समारंभात मालक म्हणाले की असे नाक पुन्हा होणे नाही.

तिच्या नमुन्यातले सहा सिगार मी उचलून आणले होते. ते गॅलरीत, देवदारी पेटीत आहेत. पेटी तिला द्यावी. तिचा सिगार उत्तम होता आणि मी तो अन्यायाने बाद केला, हे माझ्यामागे तिला वाचून दाखवावे.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी. वरील मजकूर सकाळी पुरा झाला होता. चार वाजता दोन्ही साक्षीदार, माझे डॉक्टर आणि भुवई, आले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही शुद्धीत आहात असं मी लिहून द्यायचं, तर वाचायला नको?" आणि वाचू लागले. मुलगी औषधांच्या डब्या भरत होती. कलम पाच संपल्यावर डॉक्टरांनी कागद माझ्याकडे दिला नाही, तिच्याकडे दिला.

"अहो, हे माझ्यामागे वाचायचंय," मी म्हणालो.

"ती समोर उभी आहे की! जिवंतपणी सांगायला काय लाजता?"

तिने उभ्यानेच वाचले. भुवई तिच्या खांद्यावरून वाचत होता. "म्हणजे माझ्या दाढेवर?" तो म्हणाला. "आणि मी तुमच्याकडे बघून लिहीत होतो हो!"

मुलगी म्हणाली, "नाक गेलंय ते मला माहीत होतं. दूध करपून पातेलं काळं झालं, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. परीक्षेच्या आधीची गोष्ट."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. जिन्यात सुद्धा थांबले होते."

मग तिने कागदावर बोट ठेवले. "आणि हे काय? 'तिचा सिगार उत्तम होता.' हे कशावरून?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"हेही न चाखताच लिहिलंत."

तिने गॅलरीतून पेटी आणली. सिगार कानाशी धरून दाबला, टोक कापले, न पेटवता दोनदा ओढला, मग पेटवला. भुवईला म्हणाली, "काका, तुम्ही भिंतीकडे तोंड करा." तो वळला. तासभर हे चालले. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. पहिला भाग: भाजलेला बदाम, थोडी मिरी, एक्क्याण्णव. मधला: कॉफी, ओले लाकूड, नव्वद. शेवटच्या भागात ती दोन झुरक्यांनंतर थांबली. पुन्हा ओढला. पुन्हा थांबली.

"कडू आहे," ती म्हणाली.

"जुना झालाय," डॉक्टर म्हणाले.

"जुना झाला की कडूपणा उतरतो, डॉक्टर. चढत नाही. तेव्हा याहून जास्त असणार." तिने गुण दिले: एक्काहत्तर. सरासरी चौऱ्याऐंशी. बाद.

भुवई भिंतीकडे पाहत म्हणाला, "मग साहेब, आपण बरोबरच होतो की!"

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. सिगारचे उरलेले बूड तिने नखाने उकलले, पाने हातावर पसरली आणि एक जाड, काळपट पान बाजूला काढले. "हे. झाडाच्या शेंड्याचं, सगळ्यात कडक पान. अर्धं घालायला हवं होतं. कुठलं पान ते कोणी सांगितलं असतं, तर आठ दिवसांत नवा नमुना वळून आणला असता."

ती हात धुवायला गेली. मी पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो. कलम पाचमधील "तिचा सिगार उत्तम होता" हे शब्द खोडले आहेत, कारण ते मला माहीत नव्हते. "अन्यायाने बाद केला" हे शब्द ठेवले आहेत. पेटी तिने आजच नेली, त्यामुळे ती मृत्युपत्रातून वगळावी. घराबद्दल मी तिला विचारले. ती म्हणाली, "बघू."

खाडाखोड एकच आहे व ती माझ्या हातची आहे. शेजारी तिचीही सही असावी म्हणून मी लेखणी पुढे केली. तिने हात पुसले, चपला घातल्या आणि सही केली नाही. कायद्याने ती लागत नाही, असे डॉक्टर म्हणतात.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
तारीख: १९ नोव्हेंबर, शनिवार.

सही: मृत्युपत्र करणारा, निवृत्त मुख्य परीक्षक.

साक्षीदार पहिला: डॉक्टर. मृत्युपत्र करणारा शुद्धीत आहे. वास येत नाही, हे आज तपासून पाहिले.

साक्षीदार दुसरा: परीक्षक, सिगार कारखाना. सही माझ्यासमोर झाली. एक्क्याऐंशी गुण मीही दिले होते.