एकेचाळीस कवितांचे बाड

मी, राजश्री म्हाळू ओव्हाळ, वय वर्षे ६८, धर्म बौद्ध, इंग्रजीची सेवानिवृत्त प्राध्यापक, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या टेबलावर, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. ते कोणी लिहायला लावलेले नाही. उलट माझ्या भावाने ‘ताई, कशाला आत्ताच’ म्हणून दोनदा विषय बदलला. हृदयात दोन स्टेंट आहेत, बाकी मी ठणठणीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. पृथ्वीराज गव्हाणे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी ते केले, आणि त्यांच्या इंग्रजी दाखल्यातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. ‘मॅडम, एवढा पुरावा बास झाला,’ असे ते म्हणाले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे लग्न झालेले नाही, मूलबाळ नाही. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. ती माझ्या हयातीत माझीच राहील. माझ्या पश्चात तिची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

कलम १. शिरूर येथील राहते घर, वरच्या खोलीसह, माझा धाकटा भाऊ धम्मदीप म्हाळू ओव्हाळ, राहणार दौंड, यास द्यावे.

आमचे वडील म्हाळू यवतला गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचे. मी बारावीत असताना ते वारले. आई भागुबाई कांद्याच्या रानात खुरपायला जायची, आणि एकटीच्या मजुरीत दोघांचे शिक्षण होणार नव्हते. धम्मदीप दहावीत होता आणि गणितात माझ्यापेक्षा हुशार होता. तो एका सकाळी आईला म्हणाला, ‘ज्याला पुस्तक सोडवत न्हाई त्यानं शिकावं. मला सोडवतं.’ त्या आठवड्यात तो दौंडला रेल्वेत रोजंदारीवर, हमालीकाम करणारा खलाशी म्हणून लागला. त्याला पुस्तक सोडवत होते हे मी तेव्हाही खरे मानले नाही, आजही मानत नाही. हे घर मी त्याला भेट देत नसून पोचते करत आहे. त्याने त्यात राहावे, ते विकावे किंवा भाड्याने द्यावे. मला कोणी काही विचारायला येऊ नये.

कलम २. माझी सर्व पुस्तके, मोठा इंग्रजी शब्दकोश आणि टाइपरायटर नकुशी बाजीराव ढमे, राहणार शिक्रापूर, हिला द्यावे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी तिलाच नेमते.

नकुशी माझी विद्यार्थिनी. घरातली चौथी मुलगी, म्हणून बापाने हे नाव ठेवले. आज ती ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. बी.ए.ला असताना मी तिला म्हणाले होते, ‘गॅझेटमध्ये नाव बदलून घे, मी अर्ज लिहून देते.’ ती म्हणाली, ‘नको मॅडम. बदललं तर बापाला बरं वाटंल. त्याला इतक्यात बरं वाटू द्यायचं न्हाई.’ ही मुलगी माझे कागद नीट सांभाळील याची मला त्याच दिवशी खात्री पटली.

कलम ३. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाच हट्ट कोणी धरला तर लावावा, पण त्यावर ‘आत्म्यास चिरशांती लाभो’ असे छापू नये. आत्मा मी मानत नाही. शिवाय या एका शब्दावरून मी सात वर्षे भांडले आहे. ते पुढच्या कलमात येईल.

कलम ४. वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, तळच्या कप्प्यात, निळ्या कापडात बांधलेले बाड आहे. सतराव्या शतकातल्या इंग्रजी मेटाफिजिकल कवींच्या एकेचाळीस कवितांचे ते मराठी भाषांतर आहे. माझ्याकडची सर्वांत मोलाची वस्तू तीच, म्हणून तिची हकिकत सविस्तर लिहिते.

एम.ए. झाल्यावर मी पीएच.डी.साठी हे कवी निवडले. मुलाखतीत एक गृहस्थ म्हणाले, ‘बाई, तुम्ही आपल्या लोकांच्या साहित्यावर का नाही करत?’ मी म्हणाले, ‘ते मी जगते आहे, सर. हे मला वाचायचंय.’ लोकांना वाटायचे, यवतच्या वस्तीतल्या मुलीला तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या साहेबांच्या कवितेत काय सापडले असेल? मला त्यात आमची वस्ती सापडली. आमच्याकडे दुःखसुद्धा मुद्देसूद मांडायची रीत होती. जयंतीच्या सभेत माणूस रडत उभा राहिला तरी ‘पहिली गोष्ट, दुसरी गोष्ट’ करत बोलायचा. हे कवी तसेच. प्रेयसीची मनधरणी करायची तर वकिलासारखी बाजू मांडतात. विरह सांगताना भूमिती काढतात, आजारपण सांगताना नकाशे उलगडतात, आणि देवापुढे हात जोडून उभे राहायचे तर आधी त्याची उलटतपासणी घेतात. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीला नेऊन भिडवतील याचा नेम नाही, पण भिडवली की सुटत नाही. त्यांना भावना आवरत नाही आणि डोकेही थांबवता येत नाही. माझेही तसेच आहे.

शिरूरच्या ज्या महाविद्यालयात मी लागले, तिथेच इंद्रजीत हौसराव सांडभोर इंग्रजी शिकवायचे. ते कवठे येमाईच्या मोठ्या बागायतदार घरातले. त्यांचे वडील हौसराव आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. इंद्रजीत सरांना हेच कवी आवडायचे, आणि या तालुक्यात असे आम्ही दोघेच होतो. १९८९ साली आम्ही भाषांतराला बसलो. दुपारचे तास संपले की स्टाफरूममध्ये, एका कवितेला कधी आठवडा, कधी दोन महिने. सात वर्षांत एकेचाळीस झाल्या. सतरा त्यांच्या, चोवीस माझ्या, आणि प्रत्येकीवर दुसऱ्याचा हात फिरलेला.

या कवींच्या दर दुसऱ्या कवितेत ‘सोल’ येतो. सर ‘आत्मा’ लिहायचे. मी अडून बसले. दर रविवारी मी यवतला जायची. एकदा कांदे निवडत बसलेल्या आईला एका कवितेचे कच्चे भाषांतर वाचून दाखवले. त्यात कवी देवावर चिडलेला आहे आणि त्यालाच मिठी मारू पाहतो आहे. आई म्हणाली, ‘ह्यो भांडतुया का लाडात आलाय?’

मी म्हणाले, ‘दोन्ही.’

‘मग खरा दिसतुया. पर आत्मा आत्मा काय लावलंय? आत्मा कुणी बघितलाय? जीव म्हण की. जीव लागतो, जीव तुटतो, जीव टांगणीला लागतो. आत्मा कवा कुनाला लागलाय का?’

सोमवारी मी हे सरांना सांगितले. ते म्हणाले, ‘मॅडम, जीव शेळीलाही असतो.’

‘म्हणूनच,’ मी म्हणाले.

सात वर्षांत यावर तडजोड झाली नाही. शेवटच्या प्रतीत त्यांच्या सतरा कवितांत आत्मा राहिला आणि माझ्या चोवीसांत जीव. पुण्याच्या एका प्रकाशकाने तशीच प्रत स्वीकारली. १९९६च्या डिसेंबरात मुखपृष्ठाचा नमुना आला. त्यावर दोन नावे होती, अक्षरक्रमाने त्यांचे वर, माझे खाली. माझी हरकत नव्हती. सर तो नमुना हौसेने घरी, वडिलांना दाखवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘आबा म्हणतायत, पुस्तकावर एकच नाव असावं. ओव्हाळांच्या पोरीचं न् आपलं नाव एका कव्हरावर गावात कसं दिसंल, म्हणतायत.’

मी विचारले, ‘एकच म्हणजे कोणाचं?’

ते म्हणाले, ‘प्रस्तावनेत मी तुमचे मनापासून आभार मानीन.’

‘आणि तुम्हाला काय वाटतं, सर?’

‘आबा कार्यकारिणीवर हायत. तुमची नोकरी पण...’

मी बाड उचलून पिशवीत घातले. ‘चोवीस कविता आभारात मावत नाहीत,’ म्हणाले, आणि घरी आले. प्रकाशकाला त्याच संध्याकाळी पत्र टाकले की पुस्तक छापू नये. नोकरीला पुढे काही झाले नाही. त्यानंतर इंद्रजीत सर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, आम्ही एकाच खोलीत समोरासमोर बसलो आणि पेपर तपासण्यापलीकडे एकमेकांशी बोललो नाही. हौसराव वारले तेव्हा सगळे कॉलेज दशक्रियेला गेले. मी तास घेतला. वर्गात तीन मुले होती.

कै. हौसराव सांडभोर यांनी हे पुस्तक अडवले. मी त्यांना माफ केलेले नाही. मृत माणसाला माफ करून आपण मोठे होतो असे मला वाटत नाही. या गोष्टीची येथे नोंद करून ठेवत आहे.

कलम ५. या वर्षी फेब्रुवारीत इंद्रजीत सर दारात उभे राहिले. वय सत्तर, हातात काठी. कवठ्याहून एसटीने आले होते. मी पाणी दिले. पाणी पिऊन ते पुस्तकांच्या कपाटाकडे वळले.

‘ते बाड हाय का अजून?’

‘आहे.’

‘माझ्या कवितांतला आत्मा काढा. जीव करा.’

मी कारण विचारले. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी सुलक्षणाताई वारल्या, एवढे मला कानावर होते. ते म्हणाले, ‘ती गेली तवा जो येईल त्यो म्हणायचा, आत्म्याला शांती मिळो. चांगलंच म्हणत होते, पर मला त्याचं काय होईना. मग तिची बहीण सारजाबाई आली. म्हातारी माझ्या शेजारी बसली न् म्हणाली, दाजी, तिचा जीव तुमच्यात होता हो. तवा मला रडू फुटलं. पहिल्यांदा. मॅडम, तुमच्या आईचं बरोबर होतं.’

नंतर ते म्हणाले, ‘तवा मी आबांना घाबरलो. तुमच्या नोकरीचं निमित्त केलं. खरं तर मला माझ्यापुरतंच भ्या वाटत होतं.’

‘ते मला त्याच दिवशी कळलं होतं,’ मी म्हणाले.

‘पुस्तक काढा. माझं नाव घालू नका.’

मी बाड काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. मार्चपासून ते दर गुरुवारी येतात. त्यांनी सतराही कवितांत पेन्सिलीने जीव केला. त्यातल्या नऊ ठिकाणी मी परत आत्मा केला. ते चिडले, ‘आता तुम्हीच?’ मी त्यांना सांगितले की त्या नऊ जागी कवी अगदी ख्रिस्ती मनाने बोलतो आहे. त्याचा आत्म्यावर विश्वास होता. माझा नाही म्हणून त्याचा काढून घेणे बरे नव्हे. एका जागी भांडण अजून चालू आहे. ते मिटण्याआधी आमच्यापैकी कोणी गेले तर नकुशीने त्या ओळीत दोन्ही शब्द छापावेत.

कलम ६. हे बाड नकुशीने पुस्तकरूपाने छापावे. बँकेत माझे जे असेल ते त्यासाठी वापरावे आणि उरेल ते तिने स्वतः घ्यावे. पुस्तकावर दोन्ही नावे असावीत, माझे वर आणि इंद्रजीत हौसराव सांडभोर यांचे खाली. त्यांनी नको म्हटले तरी असावे. सतरा कविता त्यांच्या आहेत. त्यांचे नाव गाळायला मी हौसराव नाही. त्यांचा या पुस्तकावरचा हक्क या मृत्युपत्राने मी त्यांना देत नाही. तो आधीपासून त्यांचा आहे.

अर्पणपत्रिकेत फक्त ‘भागुबाईस’ एवढेच छापावे. तिला वाचता येत नव्हते, त्यामुळे लांबवू नये.

कलम ७. धम्मदीप किंवा त्याच्या मुलांपैकी कोणी बाडावरून नकुशीला त्रास देऊ नये. देणार नाहीत हे मला माहीत आहे. वकिलांनी घालायला सांगितले म्हणून घातले.

वकील असेही म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. त्यामुळे भाऊ आणि नकुशी दोघेही बाद झाले. डॉक्टर तयार होते. दुसरे कोण, असा प्रश्न होता. इंद्रजीत सर म्हणाले, ‘मला तर तुम्ही काहीच देत नाही.’ मी म्हणाले, ‘नाही.’ ते म्हणाले, ‘मग मी करतो.’

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, तो मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही करत आहे. साक्षीदाराला आतला मजकूर वाचण्याची गरज नसते. तरी इंद्रजीत सरांनी चष्मा लावून सगळा वाचला, आणि त्यानंतर घडलेले मी सहीआधी येथे जोडत आहे. चौथ्या कलमाशी ते थांबले. ‘ह्यात आबांचं नाव आलंय,’ म्हणाले.

‘आलंय.’

‘कवा तरी माझी नातवंडं वाचतील.’

‘वाचतील.’

त्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा पुसला, परत लावला. मी पेन पुढे केले नाही. त्यांनीच मागितले.

‘राहू द्या,’ म्हणाले. ‘खरं हाय ते.’

ठिकाण: शिरूर, जिल्हा पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

मृत्युपत्र करणार:
(सही) राजश्री म्हाळू ओव्हाळ

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. (सही) डॉ. पृथ्वीराज गव्हाणे, शिरूर
२. (सही) इंद्रजीत हौसराव सांडभोर, कवठे येमाई