न बिचकणारी घोडी

ती. आकाराम दाजींना,

फलटणहून ज्योतिबाचा पाया पडून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि तरीही लीलाक्का तुम्हाला उसात जाऊ देत नसेल, असं धरून चालतो. इकडं मी आणि रेश्मा अंगानं बरे आहोत. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही 'मग पुढं?' असं फौजेतल्या साहेबासारखं विचारता, आणि यावेळी पुढचंच मला बोलवत नाही.

तुम्हाला माहीत आहे, वरातीला घोडी द्यायचा धंदा इथं एके काळी माझा एकट्याचा होता. नवरदेवाला लवंगीवर बसवायचं, लगाम धरून मारुतीच्या देवळाला न्यायचं आणि मांडवात आणून उतरवायचं. आता गल्लोगल्ली घोडेवाले झालेत. त्यातल्या दिग्विजयनं पांढरा घोडा आणला, आयाळीत लाइटी सोडल्या, मागं रथ जोडला. येणारा प्रत्येकजण मला विचारायला लागला, तुमच्यात वेगळं काय? माझ्यात वेगळं काही नाही हे मला लग्नापासून ठाऊक आहे (रेश्मानं सांगितलंय), पण धंद्यात ते कबूल करून चालत नाही. मी लवंगीच्या गळ्यात लाइटची माळ घातली, ती तिनं वायरीसकट चावून ठेवली. मग मी स्वतःच नटलो. जरीचा फेटा, शेरवानी, काळा चष्मा. कोरेगावच्या एका लग्नात नवरीच्या आजीनं मांडवाच्या दारात मलाच ओवाळलं आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आमच्या पोरीला संभाळा." खरा नवरदेव मागं घोडीवर घाम पुसत बसलेला. म्हातारीचं मन मोडवेना, म्हणून मी 'व्हय' म्हणालो.

माझं नशीब उघडलं ते दिग्विजयच्या घोड्यानं. एकाच मुहूर्ताच्या दोन वराती, एक त्याची नि एक माझी, समोरासमोर आल्या, दोन्हीकडं डीजे, आणि कुणीतरी मध्येच फटाक्यांची माळ लावली. पांढरा घोडा जो उधळला तो रथाची दोरी तोडून पाठीवरच्या नवरदेवासकट रस्त्याकडंच्या उसात घुसला. पाहुण्यांनी ऊस धुंडाळून नवरदेव बाहेर काढला तेव्हा मुंडावळ्यांत पाचट अडकलेलं, आणि तो लग्न पुढं ढकलता येईल का विचारत होता. आमची लवंगी मात्र भोंग्यापुढं दगडासारखी उभी. कान हलला नाही. लोक माझ्याकडं बघायला लागले. त्याच आठवड्यात मी बोर्ड रंगवून घेतला, 'न बिचकणारी घोडी'. शिरवळपासून बोलावणी यायला लागली. घोडी एवढी शांत कशी, असं कुणी विचारलं की मी छाती काढून सांगायचो, मालकाचा स्वभाव जनावरात उतरतो.

सगळ्यांत आधी रेश्माच्या ध्यानात आलं. पूर्वी नुसतं घमेलं वाजलं तरी लवंगी मान वळवून खिंकाळायची. "आवं, हाक मारली तर येत न्हाई ती हल्ली," रेश्मा म्हणाली. मी म्हणालो, नाव झालं की माणूस पण येत नाही. पुढं खुराला जखम झाली म्हणून डॉक्टर आले. त्यांनी जखम बघितली, मग सहज तिच्या मागं उभं राहून घमेल्यावर दगड मारला. मी दचकलो, रेश्मा दचकली, अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. लवंगी कडबा खात राहिली.

"कवापासनं जाती वरातीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"वयात आल्यापासनं."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाले, "कान गेलेत तिचे. परत यायचे न्हाईत."

दाजी, ज्या गुणावर मी मिरवत होतो, तो गुण नव्हता.

ही गोष्ट दिग्विजयला कळली. तो घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "गड्या, कुणाला सांगू नगंस. बहिरी घोडी म्हंजे लय मोठं नशीब हाय तुझं. मी माझ्या घोड्याच्या कानात कापूस कोंबून दमलो." तो वाईट बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणूनच मला त्याचा राग पण धड आला नाही.

शब्द दिलेली एक वरात तेवढी राहिली होती. खूर भरून आल्यावर तिला घेऊन गेलो. मनाशी म्हणत होतो, ऐकूच येत नाही तर त्रास तरी कसला. डीजे सुरू झाला तेव्हा पहिल्यांदाच तिच्या झुलीखाली हात घालून छातीवर ठेवला. प्रत्येक दणका तिच्या हाडांतून माझ्या हाताला लागत होता, आणि दोन दणक्यांच्या मध्ये ती थरथरत होती. वरून जरीची झूल असल्यानं ते कुणाला दिसायचं नाही. मलाही दिसलं नव्हतं. मी तिथंच डीजेवाल्याला आवाज बंद करायला लावला. नवरदेवाचा चुलता माझ्या अंगावर धावून आला. मी नवरदेवाला खाली उतरवलं, हात जोडले आणि लवंगीला घेऊन चालत घरी आलो. रेश्मानं बोर्ड काढून भिंतीला उलटा टेकवला.

आता धंद्याचं काय, ते माहीत नाही. लीलाक्काला नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

तुमचा,
ज्योतिबा

ता. क. – तुम्ही पलटणीत खेचरं सांभाळलीत, जनावराचं तुम्हाला कळतं. विहिरीजवळचा तुमचा गोठा रिकामा आहे, असं लीलाक्का मागं म्हणाली होती. लवंगीला तिथं ठेवून घ्याल का? जागा शांत आहे ना, असं विचारणार होतो, पण आता त्याचा तिला काय उपयोग.

आणखी एक – तुम्ही विचार करून कळवा असं लिहिणार होतो. पण नाही म्हणालात तर मला पेलणार नाही, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या सिद्धूच्याच हाती देतोय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती तुमच्या दारात उभी असेल. मी स्वतः आलो असतो, पण मग तिला सोडून परत निघावं लागलं असतं. तिला हाक मारू नका. मागनं पण जाऊ नका. समोरनं जा, आधी हात दाखवा आणि थोडं थांबा. ती येते.