रॅमेजची न्हाणी

२ जून, सकाळ

ठरलं. हॅडोवर सूड उगवायचा. यंदाच, आणि चार लोकांसमोर.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. गेल्या सप्टेंबरात तांब्याच्या किटलीच्या गोल्फ स्पर्धेत माझा चेंडू अठराव्या ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडच्या खळग्यात गेला. आदल्या दिवशी पाऊस झालेला. सात फटके मारले. सातव्याला पाय घसरला आणि मी तळातल्या पाण्यात बसलो. एवढंच. कुणाचंही होऊ शकतं. पण समोर नॉर्वल हॅडो होता. त्याने त्याच संध्याकाळी बारमध्ये खळग्याचं बारसं उरकलं. रॅमेजची न्हाणी! आता अख्खा गाव तेच म्हणतो. काल पोस्टमन मला, म्हणजे प्रत्यक्ष डूगल रॅमेजला, सांगत होता की रात्रीच्या पावसाने न्हाणी तुडुंब भरलीय.

हॅडो निवृत्त दंतवैद्य. वीस वर्षं तो बोलत आला आणि मी आ वासून ऐकत आलो, कारण तोंडात त्याचे हात. माझ्या दोन दाढा काढल्या. त्यातली एक चांगली होती, याची मला खात्री आहे.

२ जून, रात्री

बारमध्ये हॅडोला सगळ्यांदेखत आव्हान दिलं. क्लब येत्या वसंतात नवीन स्कोअरकार्ड छापतोय, मैदानाच्या नकाशासकट. प्रत्येक खळग्याचं, वाळूच्या बंकरचं नाव त्यावर येणार. आमच्याकडे एकदा कार्डावर चढलेलं नाव माणूस गेला तरी उतरत नाही. पैज अशी: यंदाच्या किटलीत मी त्याला हरवलं तर त्या खळग्याचं नाव ‘हॅडोचा जबडा’. तो जिंकला तर ‘रॅमेजची न्हाणी’ छापायला माझी लेखी संमती. कॅप्टन मिसेस लंडी साक्षीला. हॅडो म्हणाला, “मास्तर, नीट विचार कर, नाव अजून नुसतं तोंडी आहे.” घाबरला.

७ जून

क्लबच्या दुकानात शोनाकडे गेलो. ती इथली प्रशिक्षक. गेल्या वर्षी मी का हरलो याचा मी शास्त्रीय विचार केलाय. दोष काठ्यांचा होता.

वेज म्हणजे तोंड आभाळाकडे वळवलेली आखूड काठी. चेंडू लांब नव्हे, उंच उडवण्यासाठी. (मास्तरकीची सवय. व्याख्या आधी.) जितके अंश जास्त, तितका चेंडू उंच. मी चौतीस वर्षं या गावाला भूमिती शिकवली. कोन मला कोण शिकवणार?

चार घेतल्या: ५२, ५६, ६० आणि ६४ अंश. शोना म्हणाली, “मास्तर, चौसष्ट कशाला? ती आमच्यातल्या व्यावसायिक खेळाडूंनाही जड जाते. आणि तळ तरी चपटा घ्या. आपली जमीन कडक. फुगीर तळ मऊ वाळूला बरा. इथे तो आपटून उसळेल आणि पातं चेंडूच्या पोटात बसेल.” मी फुगीर तळाच्याच घेतल्या. त्याच किमतीत जास्त लोखंड मिळत असताना कमी कोण घेतो? माझा मुद्दा ऐकून तिने बिल फाडलं.

८ जून

नियमाने पिशवीत चौदाच काठ्या चालतात. चार आल्या, म्हणजे चार गेल्या पाहिजेत. तीन काढताना काही वाटलं नाही. चौथी माझी सात नंबरची. तीस वर्षं वापरली. इथले सगळे म्हातारे ग्रीनच्या बाहेरून सात नंबरने चेंडू जमिनीवरून घरंगळत नेतात. मीही नेत असे. लाज वाटते. चेंडू काय बटाटा आहे?

ती दिवाणखान्याबाहेर छत्र्यांच्या कुंडीत ठेवली. सीगल पक्षी हाकलायला उपयोगी.

१५ जून

मागच्या हिरवळीवर सराव सुरू. वाळत घातलेल्या चादरींवरून चेंडू उडवायचा, पलीकडे बादलीत पाडायचा. बादली अजून रिकामी आहे, पण कोन उत्तम येतोय. एका चादरीला भोक पडलं. एल्स्पेथ म्हणाली, “डूगल, ती चादर माझ्या आईची.” मी म्हटलं, मग जुनीच होती.

बायकोला सूड ही गोष्ट कळत नाही. ती हॅडोच्या बायकोबरोबर अजून केक भाजते.

२३ जून

हिरवळीवर माझ्या फटक्यांनी खड्डे पडलेत हे मान्य. तळ फुगीर असल्यामुळे जमीन मोकळेपणाने निघते. एल्स्पेथने त्या खड्ड्यांत लीकची, म्हणजे लांबट पातीच्या कांद्याची, रोपं लावली. आता लीकवरून उडवायचा सराव. अडथळा असला की हात सुधारतो.

११ जुलै

आज ६४ ने चेंडू जवळजवळ उभा वर गेला. इतका उंच की मी मान वर करून बघत राहिलो. कपाळावर टेंगूळ. पण उंची!

हॅडो कुंपणाजवळून जाताना थांबला. “मास्तर, कपाळाला काय झालं?” म्हणून विचारलं. मी सांगितलं, दार. तो म्हणाला, “दात हलत असतील तर सांग.” हसतोय हसू दे. सप्टेंबरात त्याच्या जबड्याचा नकाशा छापतो.

२ ऑगस्ट

संकल्प. (१) रोज दोन तास सराव. (२) बारमध्ये जाणं बंद. (३) हॅडोशी बोलणं बंद. फक्त थंड मान हलवायची.

३ ऑगस्ट

बारमध्ये जावं लागलं. शत्रूवर नजर ठेवायची तर शत्रू असतो तिथे जायला हवं. त्याने व्हिस्की पाजली. घेतली. शत्रूचा खर्च वाढवणं हाही डावच.

२० ऑगस्ट

चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्याच फेरीत मी विरुद्ध हॅडो! नशीब न्यायी आहे. मॅच १४ सप्टेंबरला. अठरा होल; ज्याचे फटके कमी, तो होल त्याचा.

एक गोष्ट हेरून ठेवलीय. हॅडोची पिशवी फुगलेली दिसते. माझा संशय, तो चौदाच्या वर काठ्या बाळगतो. म्हणजे थेट दोन होलचा दंड, हिशेबातून दोन होल वजा. हे आत्ता बोलायचं नाही. साप मारायचा तर बिळातून बाहेर आल्यावर.

६ सप्टेंबर

घरात शिस्त उरली नाही. छत्री शोधायला वीस मिनिटं गेली, कारण कुंडीत छत्र्या सोडून सगळं होतं. सीगलची काठी, दोन चालायच्या काठ्या, झाडू. एल्स्पेथला नीट समज दिली, की प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेव. शाळेत मी हेच शिकवलं. ती म्हणाली, “प्रत्येक?” मी म्हटलं, प्रत्येक.

१३ सप्टेंबर, रात्री

नव्या वेज मऊ फडक्याने पुसल्या. पिशवी भरून दाराशी ठेवली. काठ्या मोजल्या. चौदा. हॅडोसाठी चेहऱ्याचे तीन भाव आरशासमोर बसवले: दया, कंटाळा, क्षमा. क्षमा नीट येत नाही. नसली तरी चालेल.

१४ सप्टेंबर, सकाळी सहा

धुकं समुद्रावरून सरळ मैदानात आलंय. एल्स्पेथ माझ्या आधी उठून घर आवरत होती. दोन ब्रायडी, खिम्याच्या मोठ्या करंज्या, फडक्यात बांधून दिल्या, एक हॅडोसाठी. मी दोन्ही खाणार.

१४ सप्टेंबर, दुपारी

लिहायलाच हवं.

पहिल्या टीवर, जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे, हॅडो म्हणाला, “मास्तर, टॉवेल आणलास का?” मिसेस लंडी पंच म्हणून सोबत होत्या. त्याही हसल्या. मी कंटाळा हा भाव वापरला.

आणि मग खेळलो! धुक्यात झेंडे दिसेनात, म्हणून जरा जपून, चेंडू जमिनीलगत ठेवून. हॅडोचे दोन चेंडू गॉर्सच्या काटेरी झुडपांत कायमचे गेले. वेज बाहेर काढायची वेळच आली नाही. नुसत्या त्यांच्या धाकाने काम झालं. सोळा होल झाले आणि मी दोन होलनी पुढे. उरले दोनच. एक जरी बरोबरीत सुटला तरी मी जिंकलो. जबडा छापखान्यात गेल्यातच जमा.

शहाणा माणूस गप्प राहिला असता. पण नुसतं जिंकून सूड होत नाही. वर्षभर मी न्हाणी ऐकली. मला त्याला तिथेच, सतराव्या टीवर, दोन होलचा दंड होऊन, हातात एकही फटका न उरता गावासमोर पडलेला बघायचा होता. मी मिसेस लंडींना म्हटलं, “मॅडम, माझी औपचारिक मागणी आहे. डॉक्टरांच्या काठ्या मोजा.”

हॅडोने पिशवी गवतावर उपडी केली. काठ्या निघाल्या अकरा. बाकी एक थर्मास, एक सदरा आणि कुत्र्याची साखळी.

मिसेस लंडी म्हणाल्या, “आता मोजतेच आहे तर दोघांच्याही मोजते. नियम सगळ्यांना सारखा.” मी म्हटलं, जरूर. अगदी असंच म्हटलं. हाताने इशाराही केला.

पंधरा.

त्यांनी पुन्हा मोजल्या. पंधरा. मग मी मोजल्या. चार वेज, आणि त्यांच्यामध्ये दांड्याला सीगलची शीट लागलेली माझी सात नंबरची काठी.

दोन होलचा दंड. माझे दोनही होल गेले. बरोबरी. हॅडो म्हणाला, “मास्तर, मी नसतं रे मोजायला सांगितलं.” त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटला. मिसेस लंडी म्हणाल्या की एक काठी आत्ताच्या आत्ता खेळातून बाद करा. मी एक क्षणही न दवडता सात नंबरची उलटी करून पिशवीत खोचली. एवढ्या अनर्थाचं मूळ तीच.

सतरावा बरोबरीत. अठराव्याला मला जिद्दीनेच मोठा फटका मारता आला. चेंडू ग्रीनच्या अलीकडे थांबला, जरा विचार केला आणि घरंगळत न्हाणीत गेला. (खळग्यात. खळग्यात!) तळ आज कोरडा होता. जमीन दगडासारखी. बारची माणसं ग्लास घेऊन बाहेर आलेली. शोनाही.

पिशवीपाशी गेलो. सात नंबरची उलटी उभी होती, मूठ खाली, पातं वर. ती दिसायला नको म्हणून मी दुसऱ्या बाजूने हात घातला आणि ६४ काढली. तीन महिने याच क्षणासाठी घालवले होते. शोनाने डोळ्यांवर हात ठेवला, ऊन नव्हतं.

पहिला फटका: चेंडू सरळ वर गेला आणि सरळ माझ्या बुटावर आला. दुसरा: तळ जमिनीवर आपटला, उसळला, पातं चेंडूच्या पोटात बसलं. चेंडू ग्रीनवरून, लोकांच्या डोक्यांवरून, बारच्या स्वयंपाकघरात. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आणि स्वयंपाक्याची शिवी आली.

हॅडोचा चेंडू खळग्याच्या काठावर होता. त्याने पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी, काढला, ग्रीनच्या बाहेरूनच बटाटा ढकलावा तसा ढकलला, आणि चेंडू झेंड्याशी जाऊन निवांत बसला.

१४ सप्टेंबर, रात्री

एल्स्पेथला विचारलं, सात नंबरची पिशवीत कुणी घातली. म्हणाली, “मी. पहाटे घर आवरताना. गोल्फची काठी गोल्फच्या पिशवीत. तूच सांगितलंस ना, प्रत्येक वस्तू तिच्या जागी?”

दोन्ही ब्रायडी पिशवीतच राहिल्या होत्या. ती एक हॅडोकडे देऊन आली.

१५ सप्टेंबर

संमतीपत्रावर सही केली. हॅडो म्हणाला, “राहू दे रे डूगल, गंमत होती, नाव नको छापायला.” त्याची मेहेरबानी मला नको. त्याच्याच पेनने सही केली आणि पेन खिशात घालून घरी आणलं.

१६ सप्टेंबर

खरं पाहता हरलो नाही. चौदा काठ्यांनी मी जिंकलोच होतो. हरली ती पंधरावी.

४ मार्च

कार्डं आली. सुबक छपाई. अठराव्याशेजारी छोटा निळा ठिपका आणि नाव. ठिपका निळा कशाला? तिथे रोज पाणी नसतं.

एका दृष्टीने पाहिलं तर हा मान आहे. जमिनीला कुणाचं नाव मिळतं? राजांचं, नाहीतर संतांचं. हॅडोच्या नावाने एक बाकसुद्धा नाही. म्हणजे सूड झालाच.

२१ मार्च

सकाळी अठराव्याजवळून फिरत होतो. एक परदेशी पाहुणा खळग्यात उभा. बायको वरून त्याचा फोटो काढत होती. त्याचा दुसरा चेंडू नुकताच वर जाऊन खाली त्याच्या पायाशी आला होता. हातात वेज. त्याने कार्ड दाखवून मला विचारलं, “काका, हे रॅमेज कोण होते?”

उत्तर तोंडात तयार होतं. कोन, दंड, मिसेस लंडी, सगळं. पण त्याची बायको नकाशावरच्या ठिपक्याकडे बघून हसत होती.

“होता एक मास्तर,” मी म्हटलं. “वारला.”

त्याने टोपी काढली. मग विचारलं की इथून बाहेर कसं पडायचं. मी म्हटलं, सात नंबर घ्या आणि जमिनीवरून ढकला. त्याने ढकलला. चेंडू चढ चढला, वळला आणि झेंड्यापाशी थांबला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मला चॉकलेट दिलं.

घरी येऊन एल्स्पेथला सांगितलं की रॅमेज वारला. ती म्हणाली, “मग त्याच्या वाटचं सूप हॅडोकडे पाठवू?”

मी म्हटलं, नको, आण इकडे. लीक माझ्याच खड्ड्यांतले. चांगले झालेत.