खंडेनवमीचं पाणी

॥ श्री ॥
चिंचवड, २४ ऑक्टोबर २००७

सौ. वंदनावहिनींस, कल्याणचा सा. न. वि. वि.

सोमवारी अंबडहून निघालो तो सुखरूप पोचलो. शहागडला गाडीचा टायर बसला आणि दोन तास रस्त्यावर काढावे लागले. तुमच्या धपाट्यांचा वास शेजारच्या सीटवरच्या आजोबांना लागला, मग काय, माझ्या वाट्याला अडीचच आले. मायच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

काल दादाचा फोन आला. कोर्टाजवळच्या आपल्या टायपिंगच्या दुकानातला कॉम्प्युटर अजून बंदच आहे आणि जालन्याचा मेकॅनिक सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल म्हणतो, असं कळलं. बिलकुल पुसू देऊ नका. तुम्ही आठ वर्षं बसून केलेल्या लग्नपत्रिका, अर्जांचे नमुने सगळे आत जागेवर आहेत. कोणतं सॉफ्टवेअर कुठे आहे, मराठी अक्षरं कुठली, प्रिंटर कोणता, हे लिहिलेल्या मशीनच्या पाच वह्या असतात. त्या फाटल्यात, एवढंच.

सोबत सीडी पाठवतो, मशीन तिच्यावरूनच सुरू करायचं. वेगळ्या कागदावर एकेक ओळ लिहिली आहे, अक्षर न् अक्षर तसंच टाईप करा. फोनवर सांगितलं असतं तर एक टिंब इकडचं तिकडं झालं असतं. आधी फाटक्या वह्या बाजूला ठेवायच्या, मग मशीननं पहिल्या दिवशीच्या कोऱ्या वह्या जपलेल्या असतात त्या बसवायच्या. मशीन सुरू होईल, पण कोणाला ओळखणार नाही. घाबरू नका. एका लपवलेल्या फोल्डरात जुन्या वह्यांच्या नकला असतात, त्यातली दसऱ्याच्या आधीची कोणतीही घेऊन परत बदली करायची. तारखा-वेळांच्या फार खोलात जायचं कारण नाही.

हे दादाला न सांगता तुम्हालाच का लिहितो, तर दादाला इंग्रजी ओळी बघून चक्कर येते. तुम्हीच करा. पाणी आत गेलं की होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका.

मायला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

आपला,
कल्याण

॥ श्री ॥
अंबड, २९ ऑक्टोबर २००७

चि. कल्याणभाऊजींस, वंदनाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पाकीट शनिवारी मिळालं. सासूबाईंचं तेल आहे अजून. पण गुडघ्यापेक्षा तुमच्या लग्नाची काळजी त्यांना जास्त सतावते, त्यावर काही औषध असेल तर पाठवा.

काल रविवार, कोर्ट बंद. हे परतूरला वन्संकडे गेले होते. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले. पहिल्या तीन ओळी मशीननं मानल्या नाहीत. चौथ्यांदा कळलं की मी दोन शब्दांमधली मोकळी जागा सोडतच नव्हते. दुपारी मशीन सुरू झालं आणि माझ्या पत्रिका उघडल्या तर गणपतीच्या जागी सगळी इंग्रजी गिचमिड. मला रडूच आलं. मग तुमचा कागद पुन्हा वाचला, लपवलेलं फोल्डर उघडलं, एकोणीस तारखेची नक्कल घेतली, आणि संध्याकाळी पाच वाजता सगळी अक्षरं जशीच्या तशी परत आली. एकटीच टाळ्या वाजवत होते.

भाऊजी, हे आठ दिवस कसे गेले ते तुम्हाला ठाऊक नाही. दसऱ्याच्या सकाळी मशीन उघडून पाहून तुम्ही म्हणालात, की वहिनींनी काल पूजेत पाणी शिंपडलं ते आत गेलं. त्या दिवसापासून चहावाल्या नंदाबाई मला तीर्थवाली म्हणतात. ह्यांनी तर चार वकिलांसमोर सांगितलं, की हिच्या हाताला यंत्र सोसतच न्हाई. मी बोटानं हळदकुंकू लावलं होतं आणि फुलानं पाणी फक्त टेबलावर शिंपडलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. तरी लोक बोलत राहिले तसं मलाच वाटायला लागलं, की पडलं असेल थोडं जास्त. देवाच्या निमित्तानं आपण घरातलं चालतं काम बंद पाडलं, ह्या लाजेनं मी दुकानाच्या बाजूनं जाणंच सोडलं होतं.

आता एक विचारायचं आहे. तारखांच्या खोलात जाऊ नका म्हणालात, पण नक्कल निवडायची तर तारीख बघावीच लागते. एकोणीसच्या खाली वीस तारखेची एक नक्कल होती, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांची. आणि प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये मशीन साफ करणारं एक नवं सॉफ्टवेअर दिसलं, त्याचीही वेळ तीच. वीस म्हणजे खंडेनवमी. अकराला मी घरी पुरण वाटत होते, हे कोर्टाच्या बाजूला होते, दुकानात तुम्ही होतात. पूजा साडेचारला झाली. मला तुमच्याइतकं कळत नाही. वाचण्यात माझी चूक होत असेल तर कळवा.

मशीन चालू बघून हे म्हणाले नशीब. पण दिवाळीनंतर टायपिंगला दुसरं माणूस बघतो, मी त्या खुर्चीवर नको, असं त्यांचं ठरलं आहे. घरी बसायचं माझ्या जिवावर आलं आहे.

जेवणाची आबाळ करू नका.

तुमची वहिनी,
वंदना

॥ श्री ॥
चिंचवड, १ नोव्हेंबर २००७

सौ. वहिनींस, सा. न. वि. वि.

तुमची चूक नाही. तुम्ही बराबर वाचलंत.

मशीन हळू चालतं म्हणून मी इथून ते सॉफ्टवेअर नेलं होतं. घरात मी कॉम्प्युटरवाला ना! दोन मिनिटांत मशीन पळायला लागेल आणि दादा बघत राहील, असं वाटलं. नको त्या नोंदी पुसत सुटलो. मधेच ते अडकलं, मला घाम फुटला आणि मी सरळ बटण बंद केलं. संध्याकाळी तुम्ही पूजा करत होतात तेव्हा मी प्रसादाचं ताट धरून मागं उभा होतो, आणि मशीन आता उठणार नाही हे मला ठाऊक होतं.

सकाळी दादानं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तुमच्या पाण्याचं नाव तोंडातून गेलं. ठरवून नव्हे. पण गेल्यावर परतही घेतलं नाही. तुम्ही खाली मान घातलीत ती मी पाहिली, आणि जेवायला बसलो. वरून तुमचे धपाटे बांधून घेतले. इथं डबा उघडला तेव्हा घास गिळवला नाही. आजोबांनी खाल्ले हे खरं, पण मीच त्यांना आग्रह करकरून दिले.

तुमच्या हातून मशीन सुरू झालं की तुमचं नाव आपोआप धुतलं जाईल आणि मला काही बोलावं लागणार नाही, म्हणून ते काम तुमच्यावर घातलं. ह्याची जास्त लाज वाटते.

दादाच्या नावानं सगळं खरं लिहून सोबत पाठवतो. पाकीट चिकटवलेलं नाही. द्यायचं की फाडायचं ते तुम्हीच ठरवा.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्या. वाढवा म्हणायची माझी लायकी नाही.

तुमचा,
कल्याण

॥ श्री ॥
अंबड, ४ नोव्हेंबर २००७

चि. कल्याणभाऊजींस, अनेक आशीर्वाद.

दादांच्या नावाचं तुमचं पत्र वाचलं. अक्षर चांगलं काढलं आहे. सोबत परत पाठवते.

मला राग आला, लपवत नाही. बटण बंद केल्याचा नाही, ते कोणाच्याही हातून होतं. तुम्ही पहिल्या पत्रात मनाला लावून घेऊ नका असं लिहिलंत, त्याचा आला. ती ओळ मी आठ वेळा वाचली होती, आणि किती समजूतदार दीर मिळाला म्हणून सासूबाईंनाही वाचून दाखवली होती.

पत्र मी ह्यांना दिलं तर हे वाचतील, घडी घालून खिशात ठेवतील, आणि विषय संपेल. नंदाबाईंना कोण सांगणार? दोष तुम्ही तोंडानं लावला, चारचौघांत पसरला. तो कागदानं उतरत नाही. आणि निर्णय माझ्यावर टाकू नका. एकदा माझ्या हातानं सुटायला बघितलंत, तेवढं पुरे.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन आहे. गुरुवारच्या गाडीनं या. दुकानातल्या मशीनची पूजा मीच करणार, असं ह्यांना सांगून टाकलं आहे. सासूबाई येणार आहेत, नंदाबाईंना बोलावलं आहे, ते चार वकीलही प्रसादाला येतील.

पाण्याचा तांब्या तुम्ही धरायचा. मी हातात फूल घेऊन तुमच्याकडं बघेन. काय सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगा, मग पाणी घाला. तुमचं सांगून होईस्तोवर मी थांबेन, कितीही वेळ लागला तरी.

धपाटे करून ठेवते. ह्या खेपेला तुमचे तुम्हीच खायचे. लोभ आहे, म्हणून तर बोलावते.

तुमची वहिनी,
वंदना