एका लॉटचे दोन कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार
विहाराच्या अभ्यासिकेत दोन नवे कॉम्प्युटर आले. मॉडेल एकच, रंग एकच, खोक्यावर नंबरही एकच. राकेशने आणले. हा राकेश इथे सुरतेतच रिंगरोडला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे, आणि सोळा तारखेला त्याचे आईवडील अकोल्याहून येऊन आमच्या प्रज्ञाला मागणी घालणार आहेत. बायकोने, अंजनाने, बजावलंय, मध्ये मध्ये बोलायचं नाही.
संकल्प: बोलणार नाही. रिटायर माणसाने शांत असावं.

५ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ८
शांत बसवत नाही. एकतीस वर्षं बमरोलीच्या मिलमध्ये फोल्डिंगला कापड चेक केलं. एका लॉटच्या दोन ताक्यांत शेडचा केसभर फरक असला तरी मी पकडायचो. म्हणून सहज अभ्यासिकेत चक्कर मारली. प्रज्ञाला म्हटलं, आत काय काय आहे ते स्क्रीनवर दाखव. पहिल्यात डिस्क एका कंपनीची, दुसऱ्यात भलत्याच कंपनीची! मेमरीचंही तेच. प्रज्ञा म्हणाली, पप्पा, साइज तर सेम आहे ना. पोरगी भोळी आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
राकेशने चांगले पार्ट काढून दुसरे बसवलेत. मुलगा दिसायला साधा आहे, तिथेच शंका यायला पाहिजे होती. पुरावा मिळेपर्यंत कोणाला काही सांगणार नाही.
सायंकाळी ६. शेजारच्या शोभाबाईला तेवढं सांगितलं. आणि विहाराच्या अध्यक्षांना. आणि दूधवाल्याला, तो तसाही ऐकतच होता.

८ नोव्हेंबर, शनिवार
सगळ्या गल्लीला कळलं. लोकांच्या पोटात काही राहत नाही.
राकेश स्वतः आला. रागावला नाही, हे तर जास्तच संशयास्पद. म्हणाला, काका, कॉम्प्युटरची कंपनी डिस्क स्वतः बनवत नाही, दोन-तीन जणांकडून घेते. एकाकडचा माल संपला की दुसऱ्याचा लावते, नाहीतर लाइन बंद पडेल. साइज ठरलेला, स्पीड ठरलेला, बनवणारा ठरलेला नाही. मी म्हटलं, पाहू. पाठ करून आल्यासारखं बोलला.
तो गेल्यापासून प्रज्ञा माझ्याशी बोलत नाही. जेवताना वरण मागितलं तर पातेलंच पुढे सरकवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
संकल्प: खोलूनच बघायचं.
घरात डिसमिस सापडलं नाही. गावाकडे आम्ही याला पेचकस म्हणायचो, पण सुरतेत लहानथोर सगळे डिसमिसच म्हणतात, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. बाहेरचे स्क्रू नाण्याने काढले, आतले चाकूने. उजव्या हाताच्या कॉम्प्युटरची डिस्क बाहेर काढली. वर दुसऱ्याच कंपनीचं नाव, ते स्क्रीनवरही होतं. नवीन काही कळलं नाही. पुन्हा बसवताना चाकूचं टोक मोडलं. कॉम्प्युटर तसाच उघडा ठेवून वरून टेबलक्लॉथ टाकून आलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अंजनाने भाजी निवडता निवडता विचारलं, तुमच्या मिलमध्ये सूत किती पार्ट्यांकडून यायचं? म्हटलं, तीन. कधी चार. आणि डिझाइन नंबर? एकच. मग म्हणाली, "अन् त्या सगळ्या ताक्यांवर एकसारखा माल म्हणून शिक्का कोण मारायचं?"
मी पेपर तोंडासमोर धरला. महत्त्वाची बातमी होती.
दुपारी ३. ते वेगळं. ते कापड होतं.
दुपारी ४. डोळा लागेना. पेटीतून तो शिक्का काढून पाहिला. मारण्याआधी मी रुंदी बघायचो, वजन बघायचो, शेड बघायचो. सूत कोणाचं, हे एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. लाज वाटली. खरंच वाटली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ठरलं. पाहुणे उद्या यायच्या आत खोललेला कॉम्प्युटर गुपचूप स्क्रू लावून बंद करून टाकायचा. माफी मागायची काही गरज नाही, आपल्या वागण्यातूनच राकेशला कळेल. डिसमिस त्याच्याकडेच मागितलं. प्रज्ञाने फोनवर दोन्ही घरांचा 'रविवार कार्यक्रम' म्हणून ग्रुप केलाय, तो वरच होता, तिथेच लिहिलं: "राकेश डिसमिस. आजच्या आज." मुलाकडच्यांना जास्त विनवू नये, म्हणून थोडक्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी १
पोहे भिजून लगदा झाले. कोणी आलं नाही. राकेशचे वडील बाबुराव कालच त्याच्या खोलीवर उतरलेत. त्यांनी अंजनाला फोन केला, की नोकरीवरून काढल्यासारखं आमच्या पोराला काढता काय? अकोल्यात डिसमिस या शब्दाचा तेवढाच अर्थ आहे. मला हे माहीत होतं. म्हणजे कधीकाळी माहीत होतं.
प्रज्ञा आत रडतेय. मी घाबरलोय.
सायंकाळी ६. चालत त्यांच्या खोलीवर गेलो. बाबुराव दारातच उभे. मी चाकूपासून टेबलक्लॉथपर्यंत सगळं सांगितलं. म्हटलं, "तुमचा पोरगा पास आहे. चेकर खराब निघाला." ते म्हणाले, लिहून द्या. दिलं. घरून निघताना शिक्का का खिशात टाकला होता ते माहीत नाही, पण सहीखाली तोही मारला. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग चहा सांगितला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
एकूण माझ्या मध्यस्थीमुळे लग्न जमलं. राकेशने कॉम्प्युटर बंद करून दिला, चालूही झाला. जाताना मला एक नवं कोरं डिसमिस भेट देऊन गेला. मुलगा गुणी आहे, मी पहिल्यापासून म्हणत होतो.
संकल्प: लग्नाची सगळी व्यवस्था आपण हातात घ्यायची. मंडप, आचारी, सगळं चेक करून. यादी ग्रुपवर टाकायला फोन उघडला, तर ग्रुपमधून मला काढून टाकलेलं. प्रज्ञाला विचारलं, हे काय गं?
मान वर न करता म्हणाली, "पप्पा, डिसमिस."
मी आतून आणून दिलं.