बाळ मोठं होईल म्हणून

नेवासा, ८ जून २०२३

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, कानाचं मशीन लावायचं म्हटलं की तू तोंड फिरवतेस, म्हणून कागदच बरा. मला पाचवा महिना लागला. सासूबाई खाऊ घालण्यात कसर ठेवत नाहीत. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी ज्वारीची भाकरी नि मेथी, वर शेंगदाण्याचा लाडू. तुझा जावई सॅम म्हणतो, आता खाट लोखंडी घ्यावी लागणार. अंगणवाडीच्या ताईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात.

एकटीपुरतं काय रांधायचं म्हणून चहा-पावावर राहू नकोस. लोभ आहेच, आता तो दोघांत वाटून दे.

तुझी,
ग्रेस

श्रीरामपूर, १४ जून

चि. ग्रेसला अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला आणि धडकीही भरली. तुझ्या एंजलताईला मी असंच खाऊ घातलं होतं. बाळ मोठं झालं, अडलं, आणि दोघंही गेली. तू तेव्हा नववीत होतीस, तुला सगळं सांगितलं नाही. मला आता तू एकटीच उरलीस. अर्ध्या भाकरीवर उठत जा. गोळ्या घेऊ नकोस, त्यांनी लेकरू फुगतं. विहीणबाईंना सांगू नकोस, बिचारीचं मन दुखेल. नजर चुकवून कोंबड्यांना टाक. एवढं माझं ऐक, आणि आईवर माया असू दे.

तुझी आई,
मरिया

नेवासा, २० जुलै

ती. आईस,
स. सलाम वि. वि.

तू सांगितलंस तसंच चाललंय. कोंबड्या मात्र माजल्यात. काल हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली नि मटकन बसले. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, रक्त कमी आहे, वजनाचा काटा हलत नाही. सासूबाईंना वाटतं त्यांच्या हाताची चव गेली. परवा शेजारणीकडून कालवण करून आणलं माझ्यासाठी. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

भूक लागते गं आई. ताट ओढते, मग एंजलताई आठवते आणि सारते. थोडं जास्त खाल्लं तर चालेल का? उत्तर लवकर धाड, माया आहेच.

तुझी,
ग्रेस

श्रीरामपूर, २६ जुलै

चि. ग्रेसला अ. उ. आशीर्वाद.

भूक कुणाला लागत नाही, बाळे? थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, कळ काढ. सुखरूप सुटलीस की मी स्वतः येऊन डिंकाचे लाडू करते, मग खा पोटभर. मी रोज प्रार्थनेला गुडघे टेकते तुझ्यासाठी. रागावू नकोस आईवर.

तुझी आई,
मरिया

नेवासा, १६ सप्टेंबर

विहीणबाई मरियाबाईंस,
भागूबाईचा सलाम.

मी सांगते, सॅम लिहितोय. तुमी नातीच्या मातीला येऊन गेल्या, पर तुमाला ऐकू येत न्हाई, तवा बोलणं झालंच न्हाई. पोरगी आठव्यातच झाली, सव्वा किलोची. चार दिस काचंच्या पेटीत ऱ्हायली. डॉक्टर म्हनले, आईच्या अंगातच काय न्हाई, तर लेकराला कुठून मिळंल. मला लई लागलं ते. मी तर रोज ताट वाढत हुते. माझ्याच रांधण्यात खोट असंल.

ग्रेस अजून ताटाला शिवत न्हाई. तुमी तिची आई हाय. तिला काय आवडतं, कसं करायचं, ते लिहून कळवा. मी शिकून घेईन. लोभ असू द्या.

भागूबाई

श्रीरामपूर, २१ सप्टेंबर

भागूबाईंस,
सलाम वि. वि.

तुमच्या रांधण्यात खोट नव्हती. बाळ मोठं होईल म्हणून मीच तिला जेवू नको असं लिहिलं. गोळ्या मीच बंद करवल्या. भूक लागते म्हणून तिनं विचारलं, तेव्हाही मी नाही म्हटलं. माझी पत्रं तिच्याकडे असतील, वाचून घ्या. एका लेकीचं मरण बघून भ्याले आणि दुसरीचं लेकरू घालवलं. मातीच्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून बसवलंत, चहा पाजलात. तेव्हाच सांगायला हवं होतं.

तिला शेपूची भाजी आवडते, लसूण जास्त घालून. लोभ ठेवा असं कोणत्या तोंडानं लिहू? ती माझं सगळं ऐकते. तिला म्हणावं, आईनं सांगितलंय, जेव.

मरिया